अर्ध्या तासासाठी एक अनोळखी माणूस: मानवी ग्रंथालयाचे परीक्षण

देवघेव टेबलावर ठेवलेल्या तालिकेत त्या दिवशी चौदा शीर्षके होती. ‘अकरा वर्षे तुरुंगात’, ‘तिशीत दृष्टी गेली’, ‘शवागारातील नोकरी’, ‘जन्मतः कर्णबधिर’, ‘सहा वर्षे मी पृथ्वी सपाट मानत होतो’, ‘विमा दाव्यांची तपासनीस’ अशी ती नावे. प्रत्येक शीर्षकाखाली दोन ओळींचा परिचय आणि सगळ्यांना मुदत एकच, तीस मिनिटांची. पुस्तके आतल्या दालनात खुर्च्यांवर बसलेली होती. त्यांतले एक पाणी पीत होते, दुसरे चष्मा पुसत होते, आणि एक पुस्तक स्वतःच वर्तमानपत्र वाचण्यात गढून गेले होते.

मानवी ग्रंथालय ही सेवा ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येथे छापील पुस्तकाऐवजी माणूस वाचायला मिळतो. ज्यांच्या वाट्याला समाजाचे गैरसमज, भीती किंवा नुसतीच उत्सुक नजर येते, अशा व्यक्ती स्वेच्छेने ‘पुस्तक’ होऊन बसतात. वाचकाने एक शीर्षक निवडायचे, समोर बसायचे आणि एरवी सभ्यपणा आड येतो म्हणून जे विचारत नाही ते विचारायचे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल, तर पुस्तकाने तसे सांगावे आणि विषय तेथेच थांबावा. पुस्तक ज्या स्थितीत घेतले त्याच स्थितीत परत करावे, हा ग्रंथालयाचा जुना नियम येथेही लागू आहे, आणि समोर हाडामांसाचा माणूस असल्यामुळे तो वाचताना जरा सावरून बसावेसे वाटते. मूळ कल्पना डेन्मार्कची. रॉनी अबेर्गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली रॉस्किल्ड येथील संगीत महोत्सवात हा प्रयोग प्रथम केला. चार दिवस, रोज आठ तास हे ग्रंथालय उघडे होते आणि तालिकेत पन्नासहून अधिक शीर्षके होती. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील लिझमोर येथे पहिले कायमस्वरूपी मानवी ग्रंथालय सुरू झाले, आणि आज ८० हून अधिक देशांत ही कल्पना पोहोचली आहे. मी ज्या दोन सत्रांना प्रत्यक्ष आणि एका सत्राला ऑनलाइन हजर राहिले, ती याच धर्तीवर एका छोट्या स्वयंसेवी गटाने भरवली होती. त्या गटाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि एका आयोजनातल्या उणिवा साऱ्या कल्पनेच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

पहिले पुस्तक मी सोपे म्हणून निवडले. तिशीत दृष्टी गमावलेल्या या बाईंशी बोलणे अवघड जाणार नाही, असा माझा अंदाज होता, आणि तो बरोबर ठरला. अंदाज चुकला तो वेगळ्याच बाबतीत. अंध व्यक्तीच्या आयुष्यात मुख्य अडचण अंधाराची असते, असे मी गृहीत धरून गेले होते. त्यांची मुख्य अडचण मात्र वेळेची होती. नव्याने सगळे शिकताना लागणारा वेळ आणि त्या काळात भोवतालच्या माणसांचा सुटणारा धीर, याविषयीच त्या बोलत राहिल्या. मग त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज मला ऐकवला. मला तो परक्या भाषेतला वाटला. भाषा आमचीच होती, फक्त वेग असा की त्यातून एकही शब्द वेगळा काढता येईना. त्यांनी वेग एकदा कमी केला, दोनदा केला, आणि चौथ्यांदा कमी केल्यावर माझ्या कानांना पहिला शब्द सापडला. तो होता ‘संदेश’. “या वेगात ऐकले तर मला झोप येते,” असे त्या म्हणाल्या आणि वेग पुन्हा चढवला.

ब्रेल लिपीविषयी त्यांनी जे सांगितले, ते मी शाळेत पाठ केलेल्या माहितीपेक्षा फार वेगळे होते. प्रौढ वयात बोट शिकत नाही, ते हट्टी असते, असे त्यांचे म्हणणे. उठावाच्या टिंबांची मूळ पद्धत शार्ल बार्बिए या डोळस गृहस्थांची. तिच्यात बारा टिंबांची चौकट होती आणि ती ध्वनींवर बेतलेली होती. पॅरिसच्या अंधशाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेलने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती चौकट सहा टिंबांवर आणली. संपूर्ण अक्षर बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावते ते यामुळेच, आणि सहा टिंबांतून ६३ आकृत्या तयार होतात. बाईंनी माझे बोट धरून कागदावर एका अक्षरावर ठेवले आणि टिंबे मोजायला सांगितली. मी चार मोजली, होती तीन. बार्बिए यांची कल्पना चांगलीच होती, पण ती अडते कुठे हे रोज वाचणाऱ्या बोटालाच कळू शकले, असे त्या म्हणाल्या, आणि एवढ्यात घंटा झाली.

दुसऱ्या वाचनाचा तपशील मी जरा संकोचाने लिहिते आहे. ‘अकरा वर्षे तुरुंगात’ हे शीर्षक आम्ही दोघांनी मिळून घेतले होते. गर्दी असेल तेव्हा दोन वाचकांना एकत्र बसवतात. माझ्यासोबत एक वयस्कर गृहस्थ होते. पहिला प्रश्न मीच विचारला: “तुमच्या हातून ते घडले कसे?” प्रश्न धीट आहे, असे मला मनोमन वाटत होते. पुस्तकाने शांतपणे सांगितले, “हे पान बंद आहे.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण मला पुढचा प्रश्न सुचेना. कारण उघड होते. तो प्रश्न मी त्यांना समजून घेण्यासाठी विचारलाच नव्हता. त्यांना कोणत्या कप्प्यात टाकायचे, हे ठरवायला मला गुन्ह्याचे नाव हवे होते. शेजारच्या गृहस्थांनी मात्र असे काही विचारले की ते माझ्या डोक्यात कधीच आले नसते: “तिथे रात्री पूर्ण अंधार व्हायचा का हो?”

पुस्तक हसले आणि मग बराच वेळ बोलले. अंधार कधीच होत नसे, कारण बाहेरच्या मार्गिकेतला दिवा अकरा वर्षे अखंड जळत होता. सुटका झाल्यावर पहिल्या रात्री बहिणीच्या घरी दिवा मालवला तेव्हा त्यांना झोप लागली नाही, आणि मग उठून त्यांनी न्हाणीघरातला दिवा लावून दार किलकिले ठेवले. पुढचे कित्येक आठवडे बंद दारासमोर येऊन ते नुसते उभे राहात, कारण दार आपण स्वतः उघडायचे असते, ही सवयच मोडली होती. घरच्यांना वाटे की हा काहीतरी विसरला आहे. एका दिव्याच्या प्रश्नातून जे मिळाले, ते माझ्या धीट प्रश्नातून मिळाले नसते. ‘का’ विचारले की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो; ‘कसे’ किंवा ‘काय’ विचारले की तो आठवू लागतो.

तिसरे पुस्तक मला नको होते. मला शवागारातल्या कर्मचाऱ्याशी बोलायचे होते, पण त्या शीर्षकावर पाच जणांची प्रतीक्षायादी होती. टेबलावरच्या स्वयंसेवकाने सुचवले, “मॅडम, पृथ्वी सपाटवाले आत्ता मोकळे आहेत.” मी नाइलाजाने होकार दिला, आणि मनातल्या मनात हसत खुर्चीवर बसले. तीन सत्रांतले हेच वाचन माझ्या लेखी सर्वांत मोलाचे ठरले, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

समोरचे गृहस्थ चाळिशीतले, व्यवसायाने लेखापाल. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले की आता ते पृथ्वी गोल मानतात, पण त्या सहा वर्षांबद्दल त्यांना लाज वाटत नाही. मी माझा तयार प्रश्न विचारला की एवढ्या शिकलेल्या माणसाला असे पटूच कसे शकते. त्यांनी उलट विचारले, “तुम्हाला पृथ्वी गोल आहे हे कशावरून माहीत आहे?” पुस्तकाने वाचकाला प्रश्न विचारावा की नाही, याविषयी नियमपत्रिकेत काहीच नव्हते. मी अवकाशातल्या छायाचित्रांकडे बोट दाखवले. ते म्हणाले, छायाचित्रे मीही पाहिली होती, पण ती बनावट आहेत अशी माझी खात्री होती. छायाचित्रे बाजूला ठेवा आणि सांगा. मी म्हटले, दूर जाणाऱ्या जहाजाचा तळ आधी दिसेनासा होतो आणि शीड शेवटी. “तुम्ही पाहिले आहे?” मी पाहिलेले नव्हते. मग चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली गोल पडते, हा मुद्दा मी काढला. ते म्हणाले, ताटलीची सावलीही गोल पडते.

येथे मी गप्प झाले. माझे म्हणणे बरोबर आहे याची मला पूर्ण खात्री होती, आणि तरीही पुढचे वाक्य सुचत नव्हते. त्यांनीच मला त्या अडचणीतून सोडवले. ताटली प्रकाशाच्या मार्गात तिरपी धरली की सावली लंबगोल होते. ग्रहण चंद्रोदयाच्या वेळी असो वा मध्यरात्री, सावलीची कड मात्र प्रत्येक वेळी वर्तुळाचीच दिसते, आणि कोणत्याही बाजूने प्रकाश पडला तरी गोल सावली देणारा आकार एकच आहे. हा ग्रहणाचा पुरावा अ‍ॅरिस्टॉटलनेही दिला होता. त्यानंतर मी जरा उत्साहाने एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची गोष्ट काढली: इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी इजिप्तमधील सायीनी येथे सूर्य थेट डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात सावली पडत होती आणि तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला, त्यावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. यावर त्यांनी दिलेले उत्तर मला फार आवडले. पृथ्वी सपाट आणि सूर्य काही हजार किलोमीटर उंचीवर आहे असे मानले, तरी दोन ठिकाणच्या सावल्यांचा हा हिशेब अगदी बरोबर जुळतो. खोटे उघडे पडते ते तिसऱ्या ठिकाणची सावली मोजल्यावर, कारण मग सूर्याच्या एका उंचीत तिन्ही मापे बसत नाहीत. मी ही गोष्ट किती जणांना पुरावा म्हणून ऐकवली असेल, याचा मनात हिशेब करीत मी बसले.

त्या मंडळींत ते का गेले, याचे त्यांनी दिलेले कारण साधे होते. त्यांनी काही प्रश्न विचारले तेव्हा इतर ठिकाणी लोक हसले. त्या गटात मात्र कोणी हसले नाही, उलट रात्री जागून त्यांना उत्तरे लिहिली. उत्तरे चुकीची होती, ही पुढची गोष्ट. बाहेर काढले तेही वादाने नाही. त्यांच्या आतेबहिणीने त्यांना एक काम दिले: तुझ्या नकाशावर सूर्यास्त कसा होतो ते मला एका कागदावर नीट लिहून दे, मला समजून घ्यायचे आहे. त्या नकाशात सूर्य पृथ्वीच्या वर घिरट्या घालतो आणि दूर गेला की दिसेनासा होतो. म्हणजे मावळताना तो लहान लहान होत गेला पाहिजे. ते लिहायला बसले आणि तेथेच अडले. मग त्यांनी सूर्य पाहण्यासाठीची काळी काच आणली आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी सूर्याच्या तबकडीचे माप घेत आठ दिवस घालवले. तिन्ही वेळी माप तेच, साधारण अर्ध्या अंशाचे. त्यांनी मला ती वही दाखवली. शेवटच्या पानावर फक्त आकडे होते आणि खाली एक रेघ. निष्कर्ष लिहिलेला नव्हता. गट सोडायला त्यानंतरही सात महिने गेले, कारण मित्र सगळे तिथेच होते.

येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांची मला त्या खुर्चीवर बसल्याबसल्या आठवण झाली. झिप, कुलूप, संडासाचा फ्लश अशा रोजच्या वस्तूंचे काम कसे चालते हे आपल्याला किती समजते, याला लोकांनी आधी स्वतःच गुण द्यायचे होते; मग ती क्रिया टप्प्याटप्प्याने लिहून काढायची होती; आणि नंतर पुन्हा गुण द्यायचे होते. लिहून झाल्यावर गुण उतरत. आतेबहिणीने त्या गृहस्थांकडून हेच करून घेतले होते आणि त्यांनी माझ्याकडून. फरक इतकाच की माझा निष्कर्ष बरोबर होता, आणि तो बरोबर असण्याचे श्रेय माझे नव्हते.

आता उणिवांकडे वळते. त्यांतली पहिली या कल्पनेच्या मुळाशीच आहे. माणसावर मारलेला शिक्का पुसावा म्हणून ही सेवा निघाली, पण तालिकेत माणूस नोंदवायचा तर त्यावर एक शिक्का मारावाच लागतो. ‘जन्मतः कर्णबधिर’ या शीर्षकाच्या बाईंना नकाशे जमवण्याचा छंद आहे आणि त्याविषयी त्या भरभरून सांगतात, हे मला मुदत संपताना कळले. शिवाय एका व्यक्तीला भेटून त्या साऱ्या समूहाविषयी मत बनवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखे आहे. भाताला ती परीक्षा चालते, माणसांना नाही. “आता मला तुरुंगातल्या लोकांचे जग कळले,” असे एक वाचक बाहेर पडताना म्हणत होते. त्यांना एकच माणूस भेटला होता, तोही अर्धा तास.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते की परक्या समूहांतल्या माणसांच्या भेटीने पूर्वग्रह कमी होऊ शकतात, पण त्यासाठी काही अटी पाळल्या जाव्या लागतात, आणि त्यांतली एक अट म्हणजे भेटीत दोघांचा दर्जा समान असावा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा भेटींचा परिणाम सर्वसाधारणपणे चांगला होतो, याला दुजोरा मिळाला. अटी पाळल्या तर तो अधिक चांगला दिसला. मानवी ग्रंथालयात मात्र एकाने आयुष्य उघडे करायचे आणि दुसऱ्याने केवळ विचारायचे, ही रचनाच विषम आहे. वाचकाला स्वतःविषयी काहीच सांगावे लागत नाही. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कला यांचा २०१६ मधला प्रयोग येथे आठवावा असा आहे: ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह सुमारे दहा मिनिटांच्या दारावरच्या संभाषणाने कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता. त्या संभाषणात दार उघडणाऱ्यालाच विचारले जाई की तुम्हाला कधी कोणी वेगळे म्हणून वागवले होते का. म्हणजे आपले पान दोघांनीही उघडायचे होते. सपाट पृथ्वीवाल्या गृहस्थांनी ही रीत मोडून मला प्रश्न विचारला नसता, तर ते वाचन करमणुकीच्या पलीकडे गेले नसते, अशी माझी खात्री आहे. आयोजकांनी शेवटची पाच मिनिटे पुस्तकाच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावीत, अशी सूचना मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिली आहे.

मी पाहिलेल्या आयोजनातले दोष साधे होते, पण त्रासदायक होते. एका दालनात आठ टेबले इतकी जवळ मांडली होती की शेजारच्या टेबलावरचे बोलणे कानावर पडे. दुसऱ्या सत्रात मी वेगळे पुस्तक घेऊन बसले असताना मागच्या टेबलावरून तुरुंगातल्या दिव्याची गोष्ट पुन्हा ऐकू आली, तोच ठहराव आणि तेच हसू घेऊन. मी किंचित हिरमुसले, हे कबूल करते. ती गोष्ट केवळ आमच्यासाठी सांगितली गेली होती, असे वाटण्याचा मला काही अधिकार नव्हता. कर्णबधिर बाईंसोबतच्या दुभाषी वीस मिनिटे उशिरा आल्या आणि मुदत मात्र वाढवून मिळाली नाही. शिवाय बोलताना दुभाषीकडे न पाहता त्या बाईंकडे पाहायचे असते, हे आम्हाला कोणीच आधी सांगितले नव्हते. मी पहिली पाच मिनिटे दुभाषीशीच बोलत होते आणि बाई समोर बसून माझ्याकडे पाहात होत्या. हे कळल्यावर झालेली लाज माझी मलाच पुरेशी होती, पण दारात दोन ओळींचा कागद लावला असता तर ती टळली असती.

ऑनलाइन सत्राविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. गलका नव्हता, वेळेची शिस्त चांगली होती, दूरच्या माणसाशी बोलता आले. पण पडद्यावर कोणी थोडा वेळ गप्प बसले की जोडणी तुटली की काय अशी शंका येते, आणि दुसरा घाईने बोलू लागतो. प्रत्यक्ष भेटीत सर्वांत चांगली वाक्ये अशा गप्प क्षणांनंतरच आली होती.

जाणाऱ्यांना माझ्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी सुचवते. प्रश्नांची यादी घरून करून नेऊ नये. मी नेली होती, आणि यादीतला पुढचा प्रश्न कधी विचारता येईल या विचारात आधीचे उत्तर अर्धवट ऐकले. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संभाषणांचा अभ्यास करून दाखवले की मिळालेल्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारे लोक समोरच्याला अधिक आवडतात. मला त्याहून मोठा फायदा हा वाटतो की असा प्रश्न आधी ठरवताच येत नाही, त्यामुळे ऐकावेच लागते. दुसरे म्हणजे, ज्या शीर्षकाविषयी आपल्याला आधीच सहानुभूती आहे ते पहिल्यांदा घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्याचे नाव वाचून ओठांवर हसू येते किंवा कपाळावर आठी येते, ते पुस्तक दुसऱ्यांदा घ्यावे. आणि ज्यांना वाद जिंकण्याची हौस आहे, त्यांनी येथे येऊ नये. अर्ध्या तासात वाद जिंकताही येत नाही आणि पुस्तकाची पाने तेवढी चुरगळतात.

गुणच द्यायचे तर कल्पनेला पाचपैकी चार आणि मी पाहिलेल्या आयोजनाला पाचपैकी तीन देईन. ऑनलाइन सत्राला अडीच.

एक गोष्ट राहिली. वर्तमानपत्र वाचत बसलेले ते पुस्तक म्हणजे ‘विमा दाव्यांची तपासनीस’. दोन्ही सत्रांत, मी पाहिले तेवढ्या वेळात, त्यांच्याकडे एकही वाचक फिरकला नाही. कुतूहल जागे होण्यासाठी आपल्याला काय माहीत नाही याची थोडी तरी जाणीव लागते, असे जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडले होते; तुरुंगाविषयी आणि शवागाराविषयी ती जाणीव सगळ्यांनाच होती, विमा कचेरीतल्या टेबलामागच्या बाईंविषयी कोणालाच नव्हती. मलाही नव्हती. मध्यंतरात मी चहा घेताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा शिष्टाचार म्हणून विचारले की दिवसभर कागद तपासून कंटाळा येत नाही का. “कागद कुठे, मी पत्रे वाचते,” त्या म्हणाल्या. “माणूस गेल्यावर घरच्यांनी लिहिलेली.” एवढ्यात सत्र सुरू झाल्याची घंटा झाली आणि त्या खुर्चीकडे परतल्या. पुढच्या खेपेसाठी त्यांच्या शीर्षकावर मी नाव नोंदवून ठेवले आहे. प्रतीक्षायादीत माझा क्रमांक पहिला आहे.